'अनसीझन्ड' म्हणजे नुसतं अळणी नव्हे



आज एकाच इंग्रजी शब्दावर लिहितो आहे. शब्द आहे 'अनसीझन्ड'. डिक्शनरीत पहिला अर्थ मिळतो 'मीठ-मसाला न घातलेलं'. बहुतेक मुलं तेवढाच लिहून घेतात आणि वही मिटतात. मीही बरीच वर्षं तेवढाच सांगत होतो. पण या शब्दाने मला एकदा चांगलंच उघडं पाडलं, ते आधी सांगतो.

आमची शाळा द्राक्षाच्या पट्ट्यातली. नववीच्या सराव परीक्षेत पावसावर दहा ओळी लिहायच्या होत्या. एका मुलाने लिहिलं होतं, 'अनसीझन्ड रेन डिस्ट्रॉइड अवर ग्रेप्स.' त्याला म्हणायचं होतं, अवकाळी पावसाने आमची द्राक्षं गेली. मी लाल पेनने गोल केला. पेपर वाटताना वर्गात म्हणालो, "काय रे, पावसात मीठ टाकायचं राहिलं का?" वर्ग खो खो हसला. तोही थोडा हसला आणि खाली बसला.

त्यानंतर त्याच्या निबंधांची लांबी कमी कमी होत गेली. दहा ओळींच्या चार, चाराच्या तीन. आणि त्या तीन ओळींत एकही चूक नसायची, कारण त्याला शंभर टक्के येणारेच शब्द तो वापरायचा. 'रेन इज गुड. वी लाइक रेन.' पालकसभेत त्याची आई भेटली, तेव्हा तिच्याकडून कळलं की त्या पावसात त्यांचा तोडणीला आलेला प्लॉट गेला होता. आठ दिवसांत माल निघणार होता. मणी तडकले, व्यापाऱ्याने पाठ फिरवली. ती म्हणाली, "सर, घरात कोण काही बोलत नव्हतं, तेव्हा यानं ते पेपरात लिहिलं होतं म्हणे. वाचलं असेल तुम्ही." मी काय सांगणार? वाचलं होतं, गोल केला होता.

त्या रात्री घरी येऊन हा शब्द नीट पाहिला. जे सापडलं ते पुढे मांडतो आहे.

पेरणीपासून मिठापर्यंत

शब्दाचं पोट 'सीझन' हे आहे. पुढे 'अन' म्हणजे नकार, मागे 'एड' म्हणजे केलेलं. 'सीझन' हा शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये आला लॅटिनमधून. लॅटिन मूळ शब्दाचा अर्थ होता पेरणी, पेरणीचा काळ. म्हणजे या शब्दाचा जन्म स्वयंपाकघरात नाही, शेतात झाला. पेरणीचा काळ, मग कुठल्याही पिकाचा काळ, मग वर्षाचा ठरावीक काळ, असा तो 'ऋतू' या अर्थापर्यंत पोचला. आपल्याकडे 'हंगाम' फारसीतून आला आणि 'मोसम' अरबीतून. त्या अरबी शब्दानेच पोर्तुगीजांच्या तोंडून जात जात इंग्रजीला 'मान्सून' दिला. मुलांना हे सांगा, त्यांना फार आवडतं.

मग ऋतूचा आणि मिठाचा काय संबंध? फळ आपल्या हंगामात पिकतं. हंगाम पुरा झाला की त्यात गोडी उतरते, रंग येतो, ते खाण्याजोगं होतं. म्हणून 'सीझन करणे' या क्रियापदात आधी पिकवणे, तयार होऊ देणे हा भाव होता. पदार्थाच्या बाबतीत ते काम ऊन करत नाही, आचारी करतो. मीठ, मिरी, पाला घालून तो पदार्थाला खाण्याजोगा करतो. फ्रेंचमध्ये आजही पदार्थाला चव आणण्याच्या क्रियापदात हाच शब्द दडलेला आहे.

एवढं एक सूत्र हातात आलं की बाकीचे सगळे अर्थ आपोआप उलगडतात. सीझन्ड म्हणजे काळाने, उन्हाने, आगीने, मिठाने किंवा अनुभवाने तयार झालेलं. अनसीझन्ड म्हणजे ती तयारी अजून न झालेलं.

स्वयंपाकघरातला अर्थ

इंग्रजी स्वयंपाकात 'सीझनिंग' म्हटलं की सगळ्यात आधी मीठ आणि मिरपूड. आपण 'सीझनिंग म्हणजे मसाला' असं शिकवतो, ते अर्धवट आहे. मसाला म्हणजे 'स्पाइस'. फोडणीला इंग्रजीत 'टेम्परिंग' म्हणतात. आणि पाककृतीच्या शेवटी 'सीझन टू टेस्ट' असं असतं ना, त्याचं अगदी चपखल मराठी आपल्या प्रत्येक पाककृतीत आहे: 'चवीपुरतं मीठ'. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, माझी आई रोज सीझन करते." बरोबर आहे.

त्यामुळे 'द सूप वॉज अनसीझन्ड' याचं सगळ्यात जवळचं मराठी 'सूप अळणी होतं' असंच होईल. अळणी हा शब्द आला 'अलवण' वरून, म्हणजे लवण नसलेलं. इंग्रजी शब्दाची घडणही तशीच आहे, पुढे नकार आणि मागे चव आणणारी वस्तू किंवा क्रिया. फरक एवढाच की अळणीत फक्त मीठ मोजलं जातं आणि अनसीझन्डमध्ये मीठ, मिरी, मसाला, पाला सगळंच.

इथे आपली मराठी फार श्रीमंत आहे आणि नेमका त्याचाच मुलांना त्रास होतो. मीठ नसेल तर अळणी. तिखट-मसाला कमी असेल तर सपक. पाणी जास्त झालं असेल तर पाणचट. चवीला काही टोकच नसेल तर मिळमिळीत. फिकं आणि बेचव हे आणखी वेगळे. हे सगळे शब्द मुलं एका 'अनसीझन्ड'मध्ये कोंबतात. तसं होत नाही. पाणचट आमटीत मीठ-मसाला सगळं असू शकतं, पाणीच जास्त पडलेलं असतं. ती अनसीझन्ड नाही, ती 'वॉटरी'. सपक भाजीला 'ब्लँड' बरं. आजारी माणसाला डॉक्टर 'ब्लँड डाएट' सांगतात, म्हणजे मऊ भात, वरणाचं पाणी, तिखट नाही, तेलकट नाही. त्यात मीठ असतंच, म्हणून त्याला अनसीझन्ड म्हणता येत नाही. आणि बिनसाखरेचा चहा? तो 'अनस्वीटन्ड'. साखरेला सीझनिंग म्हणायची पद्धत नाही.

'टेस्टलेस' हा तर फसवा शब्द आहे. पदार्थाला लावला तर बेचव, पण विनोदाला किंवा कपड्यांना लावला तर अभिरुचीहीन, आचरट. एखाद्या मुलाने 'माय अंकल टोल्ड अ टेस्टलेस जोक' असं लिहिलं तर काकांचा अपमान होतो. विनोद नुसता पांचट असेल तर 'इन्सिपिड' म्हणावं.

अनसीझन्ड या शब्दात आणखी एक बारकावा आहे. ब्लँड, टेस्टलेस, इन्सिपिड हे शब्द जिभेला काय वाटलं ते सांगतात, म्हणजे नावं ठेवतात. अनसीझन्ड फक्त काय केलेलं नाही ते सांगतो. म्हणून पाकिटावर हा शब्द बिनधास्त छापलेला असतो. कुठलाही कारखाना आपल्या मालाला 'बेचव' म्हणणार नाही, पण 'अनसीझन्ड ब्रेडक्रम्ब्ज' किंवा 'अनसीझन्ड राइस व्हिनेगर' असं लिहील. तांदळाच्या व्हिनेगरच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. सीझन्डमध्ये साखर आणि मीठ आधीच घातलेलं असतं, ती सुशीच्या भातासाठी. अनसीझन्ड म्हणजे साधं. परदेशी राहणाऱ्या किंवा ऑनलाइन मागवणाऱ्या पालकांनी हे बघून घ्यावं, नाहीतर चटणीत मीठ दोनदा पडायचं.

तान्ह्या बाळाच्या आईवडिलांच्या तर हा शब्द रोजच्या उपयोगाचा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ देऊ नये असं सांगतात. म्हणून मीठ-तिखट घालायच्या आधी आपण त्याची खिचडी वाटीत बाजूला काढतो. ती वाटी म्हणजे 'अनसीझन्ड पोर्शन'. त्या खिचडीत काही चुकलेलं नाही, ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे.

लाकूड

आता शेतातून सुताराकडे जाऊ. माझ्या मते हा अर्थ सगळ्यात आधी शिकवावा, कारण तो डोळ्यांनी दिसतो.

ताजं तोडलेलं झाड पाण्याने भरलेलं असतं. कोरड्या लाकडाचं जे वजन, त्याच्या निम्म्याहून जास्त पाणी त्यात असू शकतं, काही जातींत तर वजनाइतकंही. हे पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी आधी उडतं आणि तेव्हा लाकडाच्या आकारात फारसा फरक पडत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि मग लाकूड आकसतं. सगळ्या बाजूंनी सारखं आकसलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते लांबीत जवळपास आकसतच नाही, आणि वर्तुळांच्या दिशेने सगळ्यात जास्त आकसतं. म्हणून फळीला पीळ पडतो, बाक येतो, टोकाला चिरा जातात.

घरी नवीन दार बसवलं आणि वर्षभरात फटी पडल्या किंवा चौकट वाकली, तर सुतार म्हणतो, "लाकूड ओलं होतं." इंग्रजीत तेच 'द वुड वॉज अनसीझन्ड'. म्हणजे फळ्या रचून, मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत वारा खात त्यांना पुरेसे दिवस ठेवलंच नव्हतं. नुसत्या हवेवर वाळवायचं तर फळीच्या दर इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. अर्थात लाकडाची जात आणि हवा यांवर ते बदलतं. आता भट्टीत ते काम काही दिवसांत ते काही आठवड्यांत होतं. घरातल्या फर्निचरच्या लाकडात ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असावा लागतो, जळणाच्या लाकडात २० टक्क्यांच्या खाली. ओलं जळण चुलीत घातलं तर आधी पाणी उकळायलाच सगळी उष्णता जाते, मग घरभर धूर. हे मुलांच्या आजीला कुणी शिकवावं लागत नाही.

इथे 'सीझन' शब्द किती सरळ बसतो बघा. लाकडावरून ऋतू जाऊ द्यायचे. जे लाकूड ऋतू न पाहताच वापरात आलं, ते अनसीझन्ड.

जाता जाता क्रिकेटचं सांगतो. मुलं नवीन बॅटला जवसाचं तेल लावतात, जुन्या चेंडूने ठोकत बसतात आणि म्हणतात, "सर, बॅट सीझन करतोय." आपल्याकडे हा वापर इतका रुळला आहे की चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण इंग्रजीत त्या ठोकण्याला 'नॉकिंग इन' असा वेगळा शब्द आहे. विलोचं लाकूड खऱ्या अर्थाने सीझन होतं ते बॅट घडवण्याच्या आधी, ओंडक्याचे तुकडे वाळवताना.

बिडाचा तवा

हा अर्थ ऑनलाइन खरेदीमुळे हल्ली घरोघरी आला आहे. पाकिटावर 'प्री-सीझन्ड' किंवा 'अनसीझन्ड' असं छापलेलं असतं. एका पालकांनी मला विचारलं होतं, "सर, तव्याला मसाला लावून देतात का?"

तसं नाही. बिडाचा नवा तवा खरखरीत असतो, त्यावर आंबोळी चिकटते आणि तो गंजतो. म्हणून त्याला तेलाचा अगदी पातळ हात देऊन चांगला तापवतात, पुन्हा तेल, पुन्हा तापवणं. जास्त उष्णतेने तेलाचं रूप बदलतं, त्याचे लहान रेणू एकमेकांत गुंफून लोखंडावर घट्ट काळी साय धरल्यासारखा थर बसतो. तो पाण्याने जात नाही. हे झालं 'सीझनिंग'. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवणारी आपली आजी हेच काम रोज थोडं थोडं करत असते. नव्या सुनेने तोच तवा चिंच आणि राखेने लखलखीत घासून ठेवला की आजी का चिडते, तेही मुलांना आता कळेल. तवा पुन्हा अनसीझन्ड झाला ना!

माणूस

आणि आता माणसाकडे. 'ॲन अनसीझन्ड प्लेअर', 'अनसीझन्ड ट्रूप्स', 'ॲन अनसीझन्ड ट्रॅव्हलर'. नवखा, न मुरलेला, कच्चा. शेक्सपियरच्या 'ऑल्ज वेल दॅट एन्ड्ज वेल' नाटकात सुरुवातीलाच बर्ट्रम नावाचा तरुण राजदरबारी निघतो, तेव्हा त्याची आई एका जाणत्या सरदाराजवळ आपल्या मुलासाठी हाच शब्द वापरते आणि त्याला चार गोष्टी शिकवा म्हणून सांगते. दरबारात जाणारा, पण दरबार अजून अंगात न मुरलेला पोरगा.

इथे मराठी शब्द शोधताना मला मजा आली. 'मुरलेला'! लोणचं मुरतं, आणि राजकारणीही मुरलेला असतो. 'अ सीझन्ड पॉलिटिशियन' याचं 'मुरलेला राजकारणी' यापेक्षा चांगलं भाषांतर मला तरी सुचत नाही. इंग्रजी माणसाने मीठ आणि माणूस एका क्रियापदात बांधले, तसेच आपणही बांधले, आणि कुणी कुणाचं पाहून नव्हे. दुसरं म्हणजे 'चार पावसाळे जास्त पाहिलेले'. वडीलधारे आपल्याला हे ऐकवतात तेव्हा ते शब्दशः सांगत असतात की मी सीझन्ड आहे, तू अनसीझन्ड आहेस. इंग्रजाचा सीझन कुठलाही ऋतू असेल, आपला मात्र पावसाळाच, कारण आपल्याकडे वर्ष त्यावरच मोजलं जातं.

लहान मुलांसाठी तर तयार शब्द आहे: 'कच्चं लिंबू'. खेळात घेतलंय, पण राज्य येत नाही असा धाकटा भाऊ. सहावी-सातवीला शिकवताना मी हाच वापरतो. शब्दाचा सूर थोडा हलका होतो, पण अर्थ डोक्यात बसतो.

'इनएक्स्पीरियन्स्ड' आणि 'अनसीझन्ड' यांत फरक काय, असं दहावीची मुलं विचारतात. इनएक्स्पीरियन्स्ड म्हणजे अनुभव नाही, साधी नोंद. अनसीझन्डमध्ये अजून ऊन-पाऊस लागलेला नाही, ताण सोसलेला नाही हा भाव आहे. बी.एड. करून आलेला नवा शिक्षक सगळ्या पद्धती शिकून आलेला असतो, पाठही छान घेतो, पण साठ मुलांच्या वर्गात एकदम लाइट गेले की काय करायचं हे त्याला कळत नाही. त्याला 'वेल-ट्रेन्ड बट अनसीझन्ड' म्हणता येईल. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच अर्थाचा आणखी एक सोपा शब्द म्हणजे 'ग्रीन'. गंमत म्हणजे तोही ओल्या लाकडाला आणि नवख्या माणसाला दोघांना लागतो.

इतिहास शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ही गंमतीची नाही. आफ्रिकेतून पकडून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या गुलामांना मळ्यावर 'तयार' करण्याच्या पहिल्या एक ते तीन वर्षांना मळेवाले 'सीझनिंग' म्हणत. नवी हवा, नवे रोग, मारहाण आणि सक्तीचं काम. मोठ्या संख्येने माणसं याच काळात मेली. लाकडाचा शब्द माणसाला लावला तेव्हा तो असाही लावला गेला. वरच्या वर्गात हे जरूर सांगावं.

पाऊस आणि ती लाल वर्तुळं

आता त्या मुलाच्या वाक्याकडे. आजच्या इंग्रजीत अवकाळी पावसाला 'अनसीझनल रेन' म्हणतात. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात. 'अनसीझनेबल' हाही चालतो. त्यात त्या दिवसांत न शोभणारं हवामान असा भाव असतो, जसं डिसेंबरात उकडणं. वेळ-काळ न पाहता केलेल्या गोष्टीलाही तो लागतो. 'सीझनल' म्हणजे हंगामी, म्हणून आंबा 'सीझनल फ्रूट'. आणि डिसेंबरात महाग मिळणारा आंबा 'ऑफ-सीझन'. चारही शब्द एकाच मुळाचे आणि मुलांच्या डोक्यात त्यांची खिचडी होते, यात नवल काय?

त्या मुलाने काय केलं ते बघा. त्याला सीझन माहीत होता. नकारासाठी 'अन' लावतात हे माहीत होतं. शेवटी काहीतरी लागतं हे माहीत होतं. त्याने 'एड' लावला, लावायचा होता 'अल'. सगळी चूक दोन अक्षरांची.

आणि पुढचं तर मला त्या रात्रीपर्यंत ठाऊकच नव्हतं. 'अनसीझन्ड'चा अवेळी, अकाली असाही अर्थ इंग्रजीत एके काळी होता. आता तो मोडीत निघाला. पण शेक्सपियरच्याच 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये फोर्ड नावाचं पात्र वेश पालटून फॉल्स्टाफकडे येतं आणि अवेळी घुसल्याबद्दल माफी मागतं, तेव्हा त्या घुसण्याला तो हेच विशेषण लावतो. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने अवेळी आलेल्या पाहुण्याऐवजी अवेळी आलेल्या पावसाला ते लावलं एवढंच. आजच्या परीक्षेत त्याचा मार्क जाणार, हे खरंच आहे. पण त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला आता सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं फळ्यावर मांडलं. मीठ, लाकूड, तवा, माणूस, पाऊस. शेक्सपियरचं सांगितलं आणि त्याच्याकडे बघून म्हणालो, "मी त्या दिवशी चुकलो होतो." तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत येऊन एवढंच विचारलं, "सर, मग तेव्हा माझं बरोबर होतं का?" मी म्हणालो, "चारशे वर्षांपूर्वी बरोबर होतं. आता अल लाव." पुढच्या निबंधात नऊ ओळी होत्या, त्यात पाच चुका. मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या.

शिकवताना उपयोगी पडेल असं थोडं

उच्चार: अन्-सी-झन्ड, जोर 'सी'वर. मुलं 'अनसिजन्ड' म्हणतात. इंग्रजी झेडचा आवाज आपल्या 'झेंडा'तल्या झपेक्षा 'माझा'तल्या झला जास्त जवळचा आहे. "माझा म्हण, आता सीझन म्हण" असं दोन-तीनदा करून घेतलं की जमतं.

व्याकरणाचा एक मुद्दा मला फार आवडतो. 'अनलॉक्ड डोअर' याचे दोन अर्थ होतात: कुलूप लावलंच नव्हतं, किंवा लावलेलं काढलं. कारण कुलूप काढता येतं. पण आमटीत घातलेलं मीठ काढता येत नाही. म्हणून इंग्रजीत 'अनसीझन' असं क्रियापद कुणी वापरत नाही, आणि अनसीझन्डचा अर्थ एकच, अजून न केलेलं. तव्याचा थर तेवढा घासून काढता येतो, पण त्यालाही इंग्रजीत 'स्ट्रिप' करणं म्हणतात. मुलांना विचारा, आणखी कुठल्या गोष्टी एकदा केल्या की परत फिरवता येत नाहीत? माझ्या वर्गात 'अनकुक्ड', 'अनरिटन' आणि 'अनबेक्ड' आले. एकाने 'अनटाइड' सांगितलं, त्यावर मग दहा मिनिटं वाद झाला, कारण गाठ सोडता येते.

सरावासाठी पाच वाक्यं देतो. इंग्रजीत करून घ्या. बाळासाठी मीठ-तिखट न घालता थोडी खिचडी काढून ठेव. या लाकडाची चौकट नको, अजून ओलं आहे. कर्णधाराने शेवटची ओव्हर कच्च्या गड्याला दिली. मार्चमधल्या अवकाळी पावसाने काढलेला कांदा भिजला. त्यांचा विनोद अगदीच पांचट होता.

यातल्या तीनच वाक्यांत आपला शब्द बसतो. शेवटच्या वाक्याला दोन उत्तरं येऊ शकतात, विनोद नुसता पांचट होता की आचरटही होता त्यावर ते ठरेल. ते मुलांनाच ठरवू द्या.